भागवत, छागल वर की खाली?

भागवत,

तुझ्याच नंबरवरून तुझी बातमी आली. ही काय पद्धत झाली बे? शुक्रवारी दुपारी मी घरी चहा टाकत होतो. फोन वाजला, तुझं नाव दिसलं आणि उचलल्या उचलल्या मी सुरू झालो. आता काय पळवलंस, म्हटलं, ह्या वेळी मी कुलूपच बदलणार आहे, आधीच सांगून ठेवतो. पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं हसतोयस. तुझं हसणं तसलंच, तोंड बंद आणि पोट हलतंय. म्हणून मी आणखी दोन-चार शेलक्या शिव्या घातल्या. मग तुझा धाकटा भाऊ किसन बोलला, "सर, मी किसन. दादा गेले." मी विचारलं, कुठं गेले?

त्या बिचाऱ्याला ते परत सांगावं लागलं. जेवलास, जरा पडतो म्हणालास, आणि रुक्मिणवहिनी चहाला उठवायला आल्या तर तू उठलाच नाहीस. बस, एवढंच. साधी सर्दी झाली तरी मला फोन करून शिंका मोजून दाखवणारा माणूस तू. एवढ्या मोठ्या कामाला निघालास आणि एका शब्दानं सांगितलं नाहीस.

संध्याकाळी नेकनूरला तुझ्या अंगणात बसलो होतो. सगळे रडत होते, मी नाही. लोकांना वाटलं असेल मोठ्या धीराचा माणूस. धीर कसला आलाय, मला ते खरंच वाटत नव्हतं. तुझ्या नाकात कापूस पाहून मला राग आला, वाटलं, तो काढून टाकावा, ह्याला श्वास कसा घेता येणार. शेजारी कोणी नसतं तर काढलाही असता. आताही हे लिहितोय ते तुला वाचून दाखवायचंय अशाच हिशोबानं लिहितोय. मध्येच तू म्हणशील, लांबवू नको बे रंगाऱ्या. म्हणूनच जरा लांबवतो.

वाचणाऱ्यांना आपली फेरी माहीत नाही, तेव्हा तुझी परवानगी धरून सांगतो. एकाच शाळेत आपण नोकरी केली, तू इतिहास शिकवलास, मी चित्रकला. शाळा नव्या इमारतीत गेली आणि जुनी रिकामी पडली, तेव्हा तिथं संग्रहालय करायचं म्हणून तू मागं लागलास. खालच्या खोलीत तू तुझा इतिहास मांडलास: शेतात सापडलेला वीरगळाचा कोरीव दगड, निजामाच्या वेळची मापं आणि हाली नाणी, उर्दूतले कागद. वरच्या खोलीत मी माझी कला मांडली, बिदरीची एक सुरई, हिमरू कापडाचा तुकडा, बालाघाटच्या डोंगराची जुनी जलरंगातली चित्रं, आणि बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईचं ते तैलचित्र, ज्याचा चितारी कोण हे आपल्याला कधीच कळलं नाही. दाराला एक कुलूप, किल्ल्या दोन. एक तुझ्या करदोड्याला, एक माझ्या खिशात.

रविवारी लोकांना घेऊन निघायचं. एसटी स्टँडवरून चालत कंकालेश्वराचं तळं, मग बिंदुसरेचा पूल, मग कोतवाली वेस आणि शेवटी आपल्या दोन खोल्या. अर्ध्या दिवसाची फेरी. त्यातला निम्मा वेळ तुझा, निम्मा माझा, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं, तू फक्त मान हलवली होतीस.

भागवत, माझा वेळ तू इतकी वर्षं खाल्लास. तळ्याच्या काठावर बसलास की उठायचं नाव नाही. पुलावर थांबून लोकांना खालचा कचरा बघायला लावायचास, म्हणायचास, हे बी संग्रहालयच हाय, आपल्या काळातलं. वेशीपाशी ओळखीचा पानवाला, त्याच्याशी वेगळा इतिहास. वीरगळापाशी तर तू उभा राहायचास ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसा. खालच्या चौकटीत गाई, मधल्या चौकटीत लढाई, वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा. तू दर वेळी गाईंवरच बोट ठेवायचास. हा सरदार-बिरदार कुणी न्हवता, म्हणायचास, आमच्यासारखा राखोळ्या होता, दुसऱ्याची गुरं सांभाळताना मेला. तू धनगराच्या घरचा, त्यामुळं तुझं बोट गाईंवरून उठायचंच नाही. आणि मी जिन्यात उभा, हातातलं घड्याळ बघत.

शेवटी माझ्या खोलीत माणसं यायची ती जांभया देत. कोणी पाण्याची बाटली शोधतोय, कोणाला खालून भज्यांचा वास येतोय. सुरईवरची चांदीची तार कशी बसवलीय हे मी सांगतोय आणि लोक एसटीची वेळ विचारतायत. मी भांडलो की तुझं उत्तर ठरलेलं. "इतिहास लांब हाय बे. तुझी चित्रं भिंतीवरच हायेत की, ती कुठं पळून चालली?"

पळून जाणारी एकच वस्तू होती आपल्याकडं, ती म्हणजे छागल. तुझ्या आज्याची कातडी पाण्याची पिशवी. बीडच्या छागला एके काळी लांब लांब जायच्या, हे तू प्रत्येकाला सांगायचास. तुझा आजा ती खांद्याला अडकवून मेंढरांमागं डोंगर चढायचा. तू ती खालच्या खोलीत वीरगळाशेजारी टांगलीस. मी पहिल्यांदा नीट पाहिली तेव्हा मला राहवेना. काठाला दुहेरी शिवण, आणि तोंडाजवळ कातड्यात उठवलेली इवलीशी वेलबुट्टी. मी सरळ उचलली आणि वर नेली. दुसऱ्या दिवशी ती खाली. मी परत वर. हे किती वर्षं चाललं कुणास ठाऊक. समोरासमोर कधी नाही, एकमेकांच्या पाठीमागं, दोन म्हातारे आंबे चोरल्यासारखे.

तू म्हणायचास, माझ्या आज्यानं हिच्यातनं पाणी पिलंय, ती काय चित्र म्हणून टांगली न्हवती. मी म्हणायचो, मग शिवणाऱ्यानं वेलबुट्टी काऊन काढली? पाणी काय वेलबुट्टीनं गोड लागतं? तू गंभीरपणे म्हणालास, "लागतं."

मग तू मतदान काढलंस. फेरीच्या शेवटी लोकांना विचारायचं, छागल वर की खाली? सकाळपासून तुझंच ऐकलेली माणसं, ती हात कशाला वर करतील दुसऱ्या बाजूनं? दर वेळी तू जिंकायचास आणि दर वेळी मी निकाल नाकारायचो. ह्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, मी ती वर नेली. गुरुवारी संध्याकाळी कुलूप लावताना पाहिलं, वर होती. मी तुला मुद्दाम काही बोललो नाही.

शनिवारी सकाळी फोन आला. वडवणीहून सत्यभामाबाई, तिथल्या बचत गटाच्या. तू त्यांना फेरीचं बोलावणं केलं होतंस आणि अडीअडचणीला म्हणून माझा नंबर दिला होतास, हे मला तेव्हा कळलं. सर फोन उचलत न्हाईत, म्हणाल्या, उद्या पैल्या गाडीनं आमी येताव, भाकरी बांधून घेताव. मी नको म्हणणार होतो. शब्द तोंडाशी आले होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, बीडला आमी दवाखान्याला येतो, कोर्टाला येतो, बगायला म्हणून कवाच आलो न्हाई, सर म्हणले एकदा नुसतं बगायला या. भागवत, हे वाक्य तुझंच होतं, तुझ्याच चालीत. मी म्हणालो, या.

म्हणून बसलो आणि मग लक्षात आलं की रविवार तुझा तिसरा. सकाळी राख सावडायची. तिथं मी नाही तर कोण असणार? माझं डोकं चालेना. किसनला फोन लावला, त्यानं वहिनींना दिला. मी काहीतरी अडखळत सांगितलं, बाया येतायत, त्यांना कसं सांगू, मी त्यांना येऊ नका म्हणून कळवतो. वहिनींचा आवाज बसला होता. त्या म्हणाल्या, "त्यांनी बोलावलंय त्यांला. तुमी तिकडंच ऱ्हावा. राख सावडाय हितं लई माणसं हायेत, ते काम तुमच्याबिगर हुईल."

तेव्हा रविवारी सकाळी तुझी माणसं तुला गोळा करत होती आणि मी स्टँडवर उभा होतो. एसटीतून पंधरा-वीस बाया उतरल्या, ठेवणीतली लुगडी, डोक्यावर पदर, हातात भाकरीची फडकी. सत्यभामाबाई सगळ्यांत म्हाताऱ्या आणि सगळ्यांत पुढं. पहिला प्रश्न, सर कुठं हायेत? मी म्हणालो, गावाकडं गेलेत. खोटं नव्हतं. पण ते इतकं सहज तोंडातून निघालं की क्षणभर मलाही तेच खरं वाटलं.

आता गंमत ऐक. मला तुझ्या तारखा येत नाहीत. तळ्यात उभ्या देवळाकडं बघत मी तोंड उघडलं आणि तूच बोलायला लागलास. तुझी वाक्यं, तुझे विराम, दोन पायऱ्या उतरून "हितनं बगा" म्हणण्याची तुझी खोड. जिन्यात उभं राहून घड्याळ बघत बघत मी सगळं पाठ केलं होतं, मलाच पत्ता नव्हता. पुलावर मी कचरा दाखवला. बाया हसल्या. वेशीपाशी पानवाल्यानं हात केला आणि तो पुढं काही बोलणार एवढ्यात मी नजरेनंच नको म्हटलं. त्याला कळलेलं होतं. तो खाली बघून पान पुसत राहिला.

आपल्या दारात आलो तर सगळ्या बायांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मी म्हणालो, हे देऊळ नाही, चालतं. कोणी ऐकलं नाही. तू असतास तर माझ्याकडं बघून भुवया उडवल्या असत्यास. मी वीरगळापाशी आलो, गाईंवर बोट ठेवलं, राखोळ्याचं सांगितलं. तुझ्यासारखंच माझंही बोट गाईंवरून उठेना. मी खोकलो आणि नजर दुसरीकडं वळवावी म्हणून भिंतीकडं पाहिलं.

छागल तुझ्या खिळ्याला होती.

गुरुवारी मी तिला वर पाहिली होती, भागवत. स्वतःच्या डोळ्यांनी. मला आधी काय वाटलं सांगू? राग आला. चोर लेकाचा, परत आणली खाली, आता येऊ दे. आणि 'येऊ दे' हे मनात म्हणून झाल्यावर कळलं, काय म्हणालो ते. मी भिंतीला हात टेकला. बायांना वाटलं ऊन लागलं. एकीनं पाणी दिलं. मी ते प्यालो आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून, तुझ्यासारखंच, छागलीकडं हात करून त्यांना सगळं भांडण सांगितलं. तुझी बाजू मांडली, तुझ्याच तोंडानं, चांगली मांडली. मग माझी बाजू मांडली. ती मात्र धड मांडता आली नाही, कारण मध्येच तोडणारं कोणी नव्हतं. शेवटी विचारलं, सांगा, छागल वर की खाली?

एकही हात वर गेला नाही. सत्यभामाबाई म्हणाल्या, "सर येऊ द्यात, मग सांगताव. दोघांचं दोघांच्या तोंडानं ऐकल्याबिगर कसं सांगावं?"

तिथं मी सांगितलं. सकाळपासून दाबून ठेवलेलं दोन वाक्यांत निघालं. मला वाटलं होतं गलका होईल. काही झालं नाही. बाया होत्या तिथं खाली बसल्या, फरशीवर, वीरगळाभोवती. सत्यभामाबाईंनी विचारलं, म्हंजी आज तिसरा? मी मान हलवली. मग तुमी हितं काय करताव, त्या म्हणाल्या. रागानं नाही, खरंच कळेना म्हणून. मी वहिनींचा निरोप सांगितला. त्यांनी आपल्या बायांकडं पाहिलं, फडकी उचलली आणि म्हणाल्या, चला. मी म्हणालो, वरची खोली राहिलीय. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, "वरचं फिरून येऊन बगू. आदी सरांच्या घरी जाऊ."

म्हणजे माझा वेळ तू ह्याही खेपेला खाल्लास. मेल्यावरही.

वडवणीची गाडी सोडून आम्ही नेकनूरच्या गाडीत बसलो. तुझ्या अंगणात पोचलो तेव्हा सावडून माणसं परतली होती आणि ओसरीवर बसली होती. किसनला कळेना ही एवढी अनोळखी मंडळी कोण. सत्यभामाबाई सरळ आत गेल्या, वहिनींना जवळ घेतलं आणि मग त्या दोघी रडल्या, जन्माची ओळख असल्यासारख्या. तुमच्याकडं सुतकात चूल पेटवत नाहीत, शेजारचे-सोयरे भाकरी आणतात. तिथं बाकीच्यांनी फडकी सोडली. बघायला निघालेल्या बायांच्या शिदोरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. सत्यभामाबाईंनी घास केला आणि वहिनींच्या तोंडात घातला. किसन मला हळूच म्हणाला, शुक्रवारपासून वहिनीनं अन्नाला हात लावला न्हवता. तू त्यांना फेरीला बोलावलं होतंस, भागवत, आणि त्या तुझ्या घरी जेवू घालायला आल्या.

निघताना वहिनींनी मला बाजूला बोलावलं. पदराच्या गाठीतून तुझी किल्ली काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, शुक्रवारी सकाळी बीडला जाऊन आल्यापासून लई खुशीत होते. जेवताना हसत होते एकटेच. मी म्हणलं काय झालं, तर म्हणले, "रंगाऱ्याची छागल आणली खाली. आता बोंबलत फोन करंल बग." मग पडले जाऊन, फोन उशाला घिऊन.

म्हणजे तू माझ्या फोनची वाट बघत पडला होतास. आणि मी शुक्रवारी तिकडं फिरकलोच नव्हतो, मला पत्ताच नव्हता. मी बोंबललो ते किसनच्या कानात. तुझ्यासाठीच होतं ते सगळं, त्यातली एकही शिवी दुसऱ्या कोणाची नव्हती. त्यानं ते सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं, त्याचे आभार मानायचे राहिलेत. आणि तुझेही, कशाकशाचे ते सांगायला बसलो तर तू 'लांबवू नको' म्हणशीलच. मी चित्रं काढत बसलो असतो आणि ह्या गावाकडं मान वर करून पाहिलंही नसतं. तू मला त्यात ओढलंस. एवढं एक तरी तोंडावर म्हणायला हवं होतं. पण आपलं बोलणं म्हणजे भांडण, त्यात हे कुठं घुसवायचं ते मला कधी जमलं नाही.

काल मी एकटा गेलो. तुझ्या किल्लीनं कुलूप उघडलं, का कोण जाणे. मनात आलं, छागल तुझ्या खिळ्याला राहू द्यावी, तुझी शेवटची खेळी, मान राखावा. मग म्हटलं, मान कसला? गेलेल्या माणसाला लोक असंच जिंकू देतात, आणि हरल्याचं नाटक मला तुझ्यापुढं कधी जमलेलं नाही. मी ती काढली, फडक्यानं पुसली, वर नेली आणि माझ्या भिंतीला, बाजारातल्या बाईशेजारी टांगली. जिन्यात मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, नेली बे. कुलूप लावलं. दोन्ही किल्ल्या आता माझ्याच खिशात आहेत.

रात्रभर मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, जरा खुशीतच होतो.

आज सकाळी उठलो, तोंड धुतलं आणि चहासुद्धा न घेता तिकडं गेलो. खाली तुझ्या खोलीत आधी पाहिलं. खिळा मोकळा होता. मग जिना चढलो, सावकाश, एकेका पायरीला थांबत.

छागल वरच होती, भागवत. काल लावली होती तिथंच.